टोकन नंबर सतरा

मी सत्तावीस वर्षं बँकेत माणसं ओळखायचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर पाच दिवसांत अख्खा गाव अनोळखी करून ठेवला. पहिल्या कामाचा मला पगार मिळत होता. दुसरं मी हौसेनं केलं.

आमचं गाव कवठे येमाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. एवढं सगळं सांगावं लागतं, कारण नुसतं ‘कवठे’ म्हटलं की कुणी सांगलीकडच्या कवठे महांकाळची गाडी दाखवतो, कुणी वाईजवळच्या कवठ्याची. म्हणून तिकडच्यांनी महांकाळ धरला, आम्ही येमाई धरली. तालुक्याच्या गावाची तर आणखीच तऱ्हा. कागदावर ते शिरूर आणि जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदी. आमचे सासरे पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना पत्रात ‘घोडनदीला उतरा’ असं लिहिलं होतं. शिरूर आलं, माणसं उतरली, कंडक्टरनं दोनदा हाळी दिली, तरी सासरे ‘आम्हाला घोडनदीला जायचंय’ म्हणत खिडकीशी बसून राहिले, ते थेट नगरला उतरले. त्यांनी मला जावई म्हणून मनापासून कधीच स्वीकारलं नाही. पत्र आजही घरात जपून ठेवलेलं आहे, ते मात्र माझ्या बाजूचा पुरावा म्हणून नव्हे. सौभाग्यवतींनी त्यांच्या बाजूचा पुरावा म्हणून कपाटात ठेवलंय.

तर ओळख या विषयात मी कच्चा आहे हे घरात आधीपासून माहीत होतं. गावाला अजून कळायचं होतं.

नवरात्रात एक दिवस देवळात पंगत असते. पुण्या-मुंबईला, भोसरी-ठाण्याला गेलेली मंडळी त्या दिवशी येतात. किती पानं वाढायची त्याचा हिशोब आमचे चुलते, आबा, एका लाल कापडाच्या वहीत ठेवतात. ही वही एकदा मी चाळली आणि बँकेतला माणूस म्हणून मला घाम फुटला. ‘विहिरीपल्याडचा धाकटा, ६ पानं.’ ‘भोसरीचा नाना, साखर कमी.’ ‘तो मागच्या साली छत्री विसरलेला, ३.’ नाव नाही, पत्ता नाही, सही नाही. मी आबांना म्हणालो, “आबा, असं चालत नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर हा छत्रीवाला कोण हे कुणाला कळणार?”

“तो यील की छत्री न्यायला,” आबा म्हणाले.

त्याच संध्याकाळी स्टँडवरच्या हॉटेलात, दुसऱ्या कटिंगच्या जोरावर, मी जाहीर केलं की यंदा पंगतीची नोंद संगणकावर होईल. माणसानं दुसऱ्या कटिंगनंतर काही जाहीर करू नये.

वेबसाइट मी स्वतः बनवली. म्हणजे व्हिडिओ बघून बनवली. एक तरुण मुलगा हिंदीतून भराभर सांगत जायचा आणि मी त्याला दर दहा सेकंदांनी थांबवायचो, शेवटी सौभाग्यवती आतून म्हणाल्या की त्या पोराला एकदा तरी वाक्य पुरं करू द्या. प्रत्येकाला नवा पासवर्ड लक्षात ठेवायला लावायचा नाही एवढी अक्कल मला होती. आमच्याकडे पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहितात, आणि एक जानेवारीला कॅलेंडर बदलतात. म्हणून मी सरळ ‘गूगलने आत या’ असं बटण ठेवलं. माणूस ते दाबतो, गूगलच्या दारात जातो, तिथं आपण कोण ते सांगतो, आणि मग गूगल त्याच्या हातात एक चिठ्ठी देऊन त्याला आमच्याकडे परत पाठवतो. त्या चिठ्ठीला म्हणतात ॲक्सेस टोकन. अक्षरं आणि आकडे यांची ही लांबलचक माळ. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मी भारावलो. एवढं किचकट, एवढं लांब. हे दुसऱ्या कुणाचं असणंच शक्य नाही! माणसाची ओळख म्हणून मी ती माळच उचलली आणि नोंदीच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात डकवली. अमुक टोकन म्हणजे अमुक माणूस. मग स्वतः एकदा आत जाऊन बघितलं. चाललं.

एकदाच बघितलं.

आता भोसरीच्या नानांचं काय झालं ते ऐका. नाना म्हणजे देवमाणूस. कारखान्यात टायमाच्या आधी जाऊन उभं राहण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सहा पानांची नोंद केली. दुसऱ्या दिवशी, सगळं नीट आहे ना म्हणून, पुन्हा आत गेले. तर माझी वेबसाइट त्यांना हात जोडून म्हणाली, ‘नमस्कार, नवे पाहुणे! आपली नोंद अजून झालेली नाही.’ नानांनी पुन्हा नोंद केली. दुपारी पुन्हा बघितलं. पुन्हा नवे पाहुणे. एखाद्यानं मला फोन करून झापलं असतं. नानांना वाटलं, सरकारी काम दिसतंय, दोन-चारदा द्यावंच लागतं. सकाळ-संध्याकाळ, गाडीत, रांगेत, जेवणाआधी आणि जेवणानंतर, त्यांनी पाच दिवसांत एक्केचाळीस वेळा नोंद केली. प्रत्येक वेळी सहा पानं. ठाण्याच्या वहिनी रात्री पाणी प्यायला उठल्या की एकदा करायच्या. माळ्यावरच्या तात्यांनी तर ‘साइट मला विसरते’ म्हणून मुलाला, सुनेला आणि जावयाला कामाला लावलं.

आणि मी इकडे आकडा चढताना बघत होतो. पाचशे. नऊशे. सतराशे. मला गहिवरून आलं. गाव सोडून गेलेली माणसं गावाला विसरलेली नाहीत, असं मी सौभाग्यवतींना सद्गदित होऊन सांगितलं. पाचव्या दिवशी आकडा होता दोन हजार तीनशे सोळा पानं. मी आचाऱ्याला फोन लावला. आचाऱ्यानं “नक्की का?” असं तीनदा विचारलं, आणि मी तिन्ही वेळा, बँकेत धनादेश पास करताना वापरायचो त्या आवाजात, “नक्की,” म्हणालो.

आबांना हे कळलं तेव्हा आचाऱ्याची बुंदीची पहिली खेप कढईतून उतरून परातीत पडली होती. आबा काठी टेकत आमच्या ओट्यावर आले. “दोन हजार तीनशे?” ते म्हणाले. “आरं, एवढी मान्सं कवठ्यातनं भायेर गेली कवा?”

सुदैवानं माझी भाची सुट्टीला आली होती. पुण्यात संगणकाचं शिकते. तिनं तो तक्ता बघितला, चहाचा कप खाली ठेवला, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या सुरात म्हणाली, “मामा, ही एक्केचाळीस माणसं म्हणजे एकच माणूस आहे.”

“पण प्रत्येकाचं टोकन वेगळं आहे!”

“टोकन दर वेळी नवं मिळतं, मामा. आणि तासाभरात शिळं होतं. टोकन म्हणजे ओळख नाही, आत जायची परवानगी. तेही थोड्या वेळापुरती.”

“मग माणूस ओळखायचा कसा?”

“ते टोकन घेऊन गूगलकडे जायचं आणि विचारायचं, हे कुणाचं? तो त्या खात्याचा एक क्रमांक देतो. तो बदलत नाही. तो लिहायचा. ई-मेलसुद्धा नाही लिहायचा, ई-मेल माणूस बदलतो.”

मी गंभीरपणे मान हलवली. मला वाटलं, प्रकरण तांत्रिक आहे, आपल्या पिढीला कळायला जड. इतक्यात स्वयंपाकघरातून, लसूण सोलता सोलता, सौभाग्यवतींचा आवाज आला.

“तुम्ही बँकेत बिल्ल्याच्या नंबरावर पैसे जमा करायचात का हो?”

घरात शांतता पसरली. नव्या वाचकांसाठी सांगतो. आता यंत्रातून नोटा येतात, पण आमच्या वेळी पैसे काढायला आलेला माणूस स्लिप भरून खिडकीत द्यायचा आणि त्या बदल्यात त्याला नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला मिळायचा. टोकनच म्हणायचे त्याला. स्लिप आत फिरायची, मी खातेवहीतली सही ताडून बघायचो, मग रोखपाल ‘सतरा नंबर!’ असा पुकारा करायचा आणि बिल्ला घेऊन पैसे द्यायचा. आज सतरा नंबर म्हणजे शाळामास्तर, उद्या सतरा नंबर म्हणजे दूधवाला. खातं मात्र ज्याच्या त्याच्या खाते क्रमांकावर. सत्तावीस वर्षं असे हजारो बिल्ले माझ्या टेबलावर खणखणले, आणि एकदाही मी खातेवहीत ‘सतरा’ नावाचा माणूस उघडला नव्हता. पितळी असतं तर मला ते कळलं असतं. अक्षरांची माळ बघून भुललो.

त्या रात्री जागून मी सुधारणा केली. टोकन आलं की गूगलला विचारायचं, तो देईल तो क्रमांक लिहायचा. पहाटे नानांची एक्केचाळीस माणसं एका ओळीत येऊन बसली तेव्हा मला नानांना कडेवर घेतल्यासारखं वाटलं. सकाळी भाचीला म्हणालो, बघ.

ती बघून म्हणाली, “छान. मामा, माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टची एक साइट आहे, राशिभविष्याची. तिथंही गूगलनेच आत जायचं. बघता का?”

माझी रास कर्क. मी लगेच बटण दाबलं. भविष्य आलं: ‘जवळच्या व्यक्तीकडून फसवणूक संभवते.’ मी हसलो. तेवढ्यात तिनं तिच्या राशिभविष्याकडे पोचलेलं माझं टोकन उचललं, माझ्या पंगतीच्या साइटला दिलं, आणि साइट म्हणाली, ‘नमस्कार, मामा!’ तिनं माझ्या नावावर पन्नास पानं नोंदवली.

“गूगलनं खरंच सांगितलं,” ती म्हणाली. “टोकन तुमचंच आहे. पण ते माझ्या साइटसाठी काढलेलं होतं. तुमच्या साइटनं विचारलंच नाही की हे टोकन दिलंय कुणासाठी.”

इथे मला घाम फुटला, कारण हाच घाम मला पूर्वी एकदा फुटलेला होता. गोष्ट घरी कधी सांगितली नव्हती, तुम्हाला सांगतो, आपल्यातच ठेवा. रोखपाल रजेवर होता म्हणून एक दिवस मी खिडकीत बसलो होतो. ‘सतरा नंबर!’ म्हणालो. एक गृहस्थ आले, बिल्ला दिला, मी बेचाळीसशे रुपये दिले. दहा मिनिटांनी आणखी एक गृहस्थ आले. त्यांच्याकडेही सतरा. पहिला बिल्ला उलटून बघितला तर त्यावर रस्त्यापलीकडच्या बँकेचं नाव! तो भला माणूस तिकडे बिल्ला घेऊन, रांग मोठी म्हणून आमच्या पंख्याखाली बसला होता, आणि मी पुकारल्यावर उठून आला होता. बिल्ला खरा, नंबर खरा, माणूसही खरा. बँक तेवढी दुसरी. त्यानं संध्याकाळी पैसे आणून दिले, “मला वाटलंच जरा जास्त आहेत,” म्हणाला. साहेबांनी मला पुन्हा खिडकीत कधीच बसवलं नाही. म्हणजे ही चूक मी एकदा पितळेत केली होती. आता विजेवर केली.

भाचीनं माझी समजूत घातली. ओऑथ २.० नावाचे हे सगळे नियम ऑक्टोबर २०१२ मध्ये ठरले, पण ते मुळात परवानगीसाठी होते: या साइटला माझे फोटो बघू दे, त्या साइटला माझी यादी वाचू दे. लोकांनी त्यालाच ओळखपत्र समजून दारं उघडली, आणि असले घोळ जगभर झाले. मग फेब्रुवारी २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट नावाची वेगळी रीत आली. त्यात ओळखीचं टोकन निराळं असतं, आणि त्याच्या पोटात लिहिलेलं असतं की हे दिलं कुणी, कुणाबद्दल, आणि कोणत्या साइटसाठी. शिवाय देणाऱ्याची न पुसता येणारी सही. मी हिशोब केला. ज्या चुकीसाठी शहाण्यांना नवी रीत काढावी लागली, ती रीत येऊन इतकी वर्षं झाल्यावर ती चूक मी कवठ्यात बसून, कुणाचीही मदत न घेता, नव्यानं शोधून काढली होती.

“मोठ्यांचंही होतं, मामा,” भाची म्हणाली. “२०१८ मध्ये फेसबुकच्या जवळजवळ तीन कोटी खात्यांची टोकनं चोरीला गेली. ज्याच्या हाती टोकन, तो आत.” तेव्हा त्यांनी खबरदारी म्हणून नऊ कोटी लोकांना बाहेर काढून पुन्हा आत यायला लावलं होतं. मला बरं वाटलं. नऊ कोटींच्या मानानं नाना एकटेच होते.

सहीचं मात्र मला चटकन पटलं, कारण ते आमच्या गावचंच शास्त्र आहे. जुने शाहीर कवनाच्या शेवटी आपलं नाव गुंफायचे, नाममुद्रा म्हणायचे तिला; ऐकणाऱ्याला कळावं की हे कुणाचं, आणि उचलेगिरी करणाऱ्याची पंचाईत व्हावी. आमच्या गावचे लोकशाहीर बशीर मोमीन यांनी तमाशा फडांसाठी किती लावण्या, वग, गाणी लिहिली. त्यांना २०१८ सालचा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये ते गेले. महाराष्ट्रानं त्यांना ओळखलं ते ‘मोमीन कवठेकर’ म्हणून. दोन शब्दांत माणूसही आला आणि तो कुठला हेही आलं. भाचीचं टोकन हेच चार ओळींत करतं.

हे सगळं नीट बसवल्यावर तिसरा घोळ निघाला. खालच्या आळीतली तेवीस घरं एकच माणूस निघाली. टोकन बरोबर, सही बरोबर, साइट बरोबर, क्रमांक कायमचा. आणि तेवीस घरं एकावर एक लिहीत सुटलेली. शेवटच्यानं दोन पानं लिहिली म्हणून आळीला दोन पानं! चौकशी केली तेव्हा कळलं की नवा मोबाइल घेतला की दुकानातला पोरगा त्यात ‘इंटरनेट टाकून’ देतो, आणि दर वेळी नवं खातं काढायचा कंटाळा म्हणून सगळ्यांना एकच टाकतो. स्वतःचंच. होनाजी-बाळा या एका नावात निदान दोघंच होते, एक रचायचा, दुसरा गायचा. इथं तेवीस घरं त्या पोराच्या नावानं जेवणार होती.

मी भाचीकडे बघितलं. तिनं हात वर केले. “खातं कुणाचं ते गूगल सांगेल, मामा. फोन कुणाच्या हातात आहे ते त्याला कसं कळणार?”

मग आबांकडे गेलो. सांगितलं काहीच नाही. नुसता ओट्यावर बसलो. आबांनी वही पुढे सरकवली आणि खालची आळी एका श्वासात मोजली. कुणाची सून माहेरी, कुणाचा पोरगा रांजणगावला कंपनीत रात्रपाळीला, म्हणून त्याचं पान झाकून ठेवायचं. कुणाच्या म्हातारीला पंगतीत बसवत नाही, डबा द्यायचा. बाकीची वही धरून एकूण चारशे. पंगतीला प्रत्यक्षात चारशे बारा पानं उठली. वरची बारा कशी, म्हणून मी जरा आशेनं विचारलं. “तुझ्या त्या नानानं समद्या भोसरीला सांगितलं,” आबा म्हणाले.

आचाऱ्याचा पुढचा माल परत गेला, पण पहिल्या खेपेची बुंदी माझ्या नावावर लागली. आम्ही ती लाडू करून खाल्ली, दह्यात घालून खाल्ली, चिवड्यात खाल्ली. त्या वर्षी घरात दिवाळीला दुसरं गोड झालं नाही. पाहुणे आले की सौभाग्यवती बशी पुढे करायच्या आणि काही न बोलता माझ्याकडे बघायच्या.

पंगतीच्या दिवशी मी शेवटी जेवलो, वाढपी जेवतात तेव्हा. बाहेर आलो तर चपला ठेवायच्या जागी मावशी बसलेल्या. गर्दी असते म्हणून यंदा तिथंही पुठ्ठ्याचे नंबर केलेले होते, कल्पना माझीच. खिसे चाचपले. वरचा, खालचा, पाकीट. पुठ्ठा नव्हता. मी पत्रावळी उचलताना तो कुठंतरी पत्रावळीबरोबर गेला असणार.

“मावशी, नंबर हरवला. पण सतरा होता बहुतेक. किंवा एकाहत्तर.”

मावशींनी वर बघितलंही नाही. ढिगातून जोडी काढून माझ्यापुढे टाकली. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, सेफ्टी पिननं जोडलेला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “दोन वर्सं झाली बघतीये. शिवून घ्या की आता.”